माथाडी, कापूस आणि रोजगार हमी : सरकारनं कशात हात घालावा?

प्रश्न असा आला आहे : "१९९१ मध्ये सरकारनं बाजूला व्हायचं ठरवलं, पण खर्च आणि योजना वाढतच चालल्या आहेत. आता कामं ॲपवर मिळतात, एआयमुळे नोकऱ्यांचं स्वरूप बदलतंय. अशा काळात सरकार लहान हवं की मोठं? लोकांच्या खात्यात रोख रक्कम टाकून बाकी सगळं बाजारावर सोडलं तर काय बिघडेल?"

मी राज्याच्या वित्त व लेखा सेवेत होतो. या सेवेत बदली झाली की नुसतं गाव नाही, खातंही बदलतं. आज कोषागार, उद्या जिल्हा परिषद, परवा एखादं महामंडळ. धोरणाची भाषा मला बेताचीच येते. व्हाउचर, मस्टर (मजुरांचा हजेरीपट) आणि ताळेबंद यांची भाषा बरी येते. उत्तर त्याच भाषेत देतो.

आकाराचं आधी उरकून घेऊ. केंद्र आणि सगळी राज्यं मिळून आपल्याकडचा सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या २८-३० टक्क्यांच्या आसपास फिरतो. अमेरिकेत तो ३५ टक्क्यांच्या पुढे आहे, फ्रान्समध्ये ५५ च्याही पुढे. पैशाच्या मापानं आपलं सरकार काही अवाढव्य नाही, आणि माणसांच्या मापानं तर किरकोळच म्हणावं लागेल. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या साडेचार हजारांवर जागा निघाल्या आणि दहा लाखांहून जास्त अर्ज आले, ही बातमी सगळ्यांनी वाचली. भरती होईपर्यंत एकेका तलाठ्याच्या गळ्यात दोन-दोन, तीन-तीन सज्जे (एका तलाठ्याकडे सोपवलेली गावं) होते, याची बातमी कोण करणार? तरीही लोकांना सरकार मोठं वाटतं आणि त्यांचं चुकत नाही. नको तिथे ते अंगावर येतं, हवं तिथे खुर्ची रिकामी असते. म्हणून टक्केवारीवरून वाद घालणाऱ्यांच्या नादी मी लागत नाही. मी एकच गोष्ट बघतो : सरकारनं कुणाची कोणती जोखीम आपल्या अंगावर घेतली आहे, आणि ती पेलायची सोय केली आहे का?

महाराष्ट्रात याचा प्रयोग एकाच दशकात तीनदा होऊन गेला आहे. १९६९ चा माथाडी, म्हणजे हमालांसाठीचा, कायदा, १९७१ चा कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा. राज्य तेच, सत्ताधारी पक्ष तोच, फायली हलवणारे बाबूही तेच. निकाल मात्र तिघांचे तीन तऱ्हेचे लागले.

कापसापासून सुरुवात करतो. व्यापारी शेतकऱ्याला लुबाडतो, वजनात मारतो, भाव पाडतो, ही तक्रार शंभर टक्के खरी होती. त्यावर तोडगा असा काढला की १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातला सगळा कापूस फक्त सरकार घेणार, पणन महासंघामार्फत. व्यापारी बाद. हमीभावानं घ्यायचा, गाठी बांधून विकायच्या. विक्रीत जास्त मिळालं तर त्यातला वाटा शेतकऱ्याला आणि तोटा आला तर तो राज्याच्या तिजोरीला. कागदावर यापेक्षा चांगलं काय असणार?

प्रत्यक्षात खरेदी केंद्रावर काय चालायचं? बैलगाड्यांची, पुढे ट्रॅक्टरांची रांग, कधी दोन-दोन दिवस. ग्रेडर गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस बाहेर ओढणार, दोन बोटांत धागा ताणून बघणार आणि प्रत सांगणार. प्रत एक पायरी खाली घसरली की क्विंटलमागे पैसे गेले. व्यापाऱ्याशी निदान घासाघीस करता यायची, दुसऱ्याच्या दारात जाता यायचं. इथे दुसरं दारच नाही. मग ग्रेडरला 'समजावणं' आलं. चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, वेळेवर होत नसत. लेकीचं लग्न तोंडावर आलेला शेतकरी चुकाऱ्याची पावती कमी पैशात गावातल्याच सावकाराला देऊन मोकळा व्हायचा. ज्याच्यापासून त्याला सोडवायचं, तोच मागच्या दारानं परत आलेला.

त्यातून राज्याला सीमा असतात. बाहेर भाव चढला की यवतमाळकडचा कापूस रातोरात पैनगंगा ओलांडून आदिलाबादला आणि खानदेशातला सेंधव्याला पोचायचा. सीमेवर नाके बसवले, म्हणजे पोलिसांचीही सोय झाली. बाहेर भाव पडला की उलटा प्रवाह : तिकडचा कापूस इकडच्या शेतकऱ्यांच्या सातबारावर सरकारच्या गळ्यात. लेखापरीक्षणात हे ओळखायला फार हुशारी लागत नसे. कोरडवाहू जमीन, दोन-अडीच एकरांचा कापूस पेरा आणि विक्री पन्नास क्विंटलच्या वर. असं पीक आलं असतं तर विदर्भात आत्महत्या कशाला झाल्या असत्या? आक्षेप लिहिला जायचा, खुलासा यायचा, "सदर शेतकऱ्याने नातेवाइकांचा माल आणला होता", आणि परिच्छेद वगळला जायचा.

म्हणजे भाव चढल्यावर माल सरकारकडे येत नव्हता आणि पडल्यावर येऊन आदळत होता. हा व्यवहार कुठल्याही गुजराती पेढीवर मांडा, मुनीमजी दुसऱ्या दिवशी दुकान बंद करायला सांगतील. आपण तो तीस वर्षं चालवला, काही हजार कोटींचा तोटा साचू दिला आणि २००२ नंतर मक्तेदारी सैल केली. भ्रष्टाचारामुळे योजना बुडाली असं म्हणायची पद्धत आहे. माझं मत वेगळं आहे. सगळे धुतल्या तांदळासारखे असते तरी ती बुडालीच असती, फार तर दहा वर्षं उशिरा. भावाची चढ-उतार ही व्यापाराची जोखीम आहे. ती घेणाऱ्याला रोज सकाळी निर्णय बदलावा लागतो, आणि सरकारचा निर्णय बदलायला मंत्रिमंडळाची बैठक लागते.

आजची पद्धत, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ किमान भावाला उभं राहतं आणि ज्याला परवडेल त्यानं खासगीत विकावं, ही त्या मानानं शहाणपणाची आहे. खाली जाळं धरायचं, बाजार चालवायचा नाही. अर्थात इथेही सरकार स्वतःच्याच पायात पाय घालतं. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला आणि ऑगस्टमध्ये, हंगामाच्या तोंडावर, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरीपर्यंत माफ केलं. कांद्याचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये ती उठवली पण शुल्क ठेवलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये कुठे ते शून्यावर आलं. लासलगावच्या शेतकऱ्याला विचारा सरकार लहान हवं की मोठं. तो म्हणेल, मोठं असो की लहान, दर चार महिन्यांनी मत बदलणारं नको.

आता रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला ही कल्पना करून पाहिली होती. १९७२ च्या दुष्काळात तिचं महत्त्व कळलं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पुढे कायदा झाला : मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत नाही दिलं तर बेकारी भत्ता. पैसा कुठून आणायचा, तर १९७५ च्या व्यवसाय करातून. नोकरदारांनो, तुमच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तोच हा कर. मूळ ठरलं होतं असं की शहरातल्या पगारदाराचा हा पैसा आणि तेवढीच रक्कम राज्याची, दोन्ही मिळून खेड्यातल्या मजुराची मजुरी.

इथे सरकारनं जी जोखीम घेतली ती पाऊस न पडण्याची. ती कुठलाही मजूर एकटा पेलू शकत नाही आणि कुठलीही विमा कंपनी त्याच्या झोपडीपर्यंत येणार नव्हती. आणि योजनेतली खरी अक्कल अशी की लाभार्थी निवडायला दाखले लागत नव्हते. भर उन्हात खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला गरज नसलेला माणूस येतच नाही. पाऊस बरा झाला की मजूर आपोआप शेतावर परत जायचे, मस्टर रिकामं व्हायचं, खर्च खाली यायचा. स्वतःहून आकसणारी सरकारी योजना मी आयुष्यात फारशी दुसरी पाहिली नाही.

खोटी मस्टर होती का? होती, भरपूर. मोजमाप पुस्तकात खोदलेली माती जागेवर पाहावी तर पहिल्याच पावसात 'वाहून गेलेली' असायची. एकाच वळणाचे वीस अंगठे मी पाहिले आहेत. तरीही तो तोटा कापसासारखा योजनेच्या पोटातून आलेला नव्हता. मोजमाप घेणारा प्रामाणिक असेल तिथे काम उभं राहत होतं. १९९० नंतर याच योजनेला फळबाग लागवड जोडली. अल्पभूधारकानं स्वतःच्या रानात खड्डे खणायचे, कलमं लावायची, मजुरी आणि खर्च सरकारचा. कोकणातला आंबा-काजू आणि दुष्काळी पट्ट्यातलं डाळिंब एवढं पसरलं, त्यात या खड्ड्यांचा मोठा हात आहे. फळं विकायला सरकार गेलं नाही, हे नशीब.

तिसरा माथाडी कायदा. तुमच्या ॲपच्या प्रश्नाचं उत्तर यात दडलेलं आहे, आणि आपल्याकडचे लोक ते बेंगळुरूच्या परिसंवादांत शोधतात.

हमालाची अडचण काय होती? त्याला मालकच नव्हता. सकाळी एका गाळ्यावर किराण्याची पोती, दुपारी दुसऱ्याकडे मिरची, संध्याकाळी ट्रकवाला. पाठ मोडली तर भरपाई कुणाकडे मागायची? प्रत्येक व्यापारी म्हणणार, हा माझा माणूस नाही. आज जेवणाचा डबा घेऊन दुचाकीवर पळणाऱ्या पोराची गोष्ट याहून वेगळी आहे का? कंपनी म्हणते तो आमचा 'भागीदार' आहे, हॉटेल म्हणतं आमचा नाही, गिऱ्हाईक तर दारच लावून घेतं.

अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांच्या लढ्यातून १९६९ चा कायदा आला आणि त्यानं मालक कोण या वादात न पडता मधोमध एक मंडळ बसवलं. मंडळावर व्यापारी, कामगार आणि सरकार, तिघांची माणसं. हमालाची नोंदणी मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही तिथेच. टोळीनं काम केलं की मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, व्यापाऱ्यानं मंडळात भरायची. मंडळ मजुरी हमालाच्या हाती देणार, आणि लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना. सरकारच्या तिजोरीतून यात जवळजवळ काही जात नाही. सरकार हमाली करत नाही, धान्य विकत घेत नाही, फक्त वही सांभाळतं आणि लेव्ही बुडवणाऱ्याच्या मागे लागतं. एवढ्याशा कामावर दोन पिढ्यांची घरं उभी राहिली. सातारा-पाटण-जावळीकडच्या गावांतून मुंबईच्या बाजारात आलेल्यांची नातवंडं आज इंजिनिअर झालेली आढळतील. १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीचा कायदा आला.

यात किडलेलं काहीच नाही असं समजू नका. औद्योगिक पट्ट्यांत माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या आहेत. माल क्रेननं उतरतो आणि बाजूला उभे असलेले लोक वाराई, म्हणजे माल उतरवल्याची हमाली, मागतात. काही मंडळांचे ताळेबंद वर्षानुवर्षं रखडतात, ठेवी कुठे ठेवल्या यावर भानगडी होतात. २०२३ मध्ये सरकारनं दुरुस्ती विधेयक आणलं, तर माथाडी संघटनांना ते मंडळांच्या मुळावर येईल असं वाटलं आणि त्यांनी कडाडून विरोध केला. दोन्ही बाजूंचं थोडं-थोडं बरोबर होतं. पण मला सांगा, बोगस माथाडी कोण पकडणार? कामगार खात्याचा निरीक्षक. त्याचं पद रिकामं ठेवायचं आणि मग गुंडगिरी वाढली म्हणून कायदाच पातळ करायचा, याला काय म्हणावं?

माथाडीची रचना का टिकली, हे कळायला शेजारी बांधकाम कामगारांचं मंडळ ठेवून बघा. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानं बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसवला. पैसा हजारो कोटींत जमा झाला. पण तो उपकर कुठल्या गवंड्याच्या घामाचा, याची कुठे नोंदच नाही. पैसा एका ढिगात आणि कामगार दुसऱ्या यादीत. ढीग दिसला की योजना सुचतात : सुरक्षा संच, भांड्यांचा संच, मध्यान्ह भोजन. यादीत नाव घालायला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो मिळवून देणारे दलाल गल्लोगल्ली बसले, आणि ज्यानं कधी घमेलं उचललं नाही त्याच्या घरी कुकर पोचला. घरेलू कामगारांसाठी २००८ मध्ये मंडळाचा कायदा केला, तिथे मालकावर लेव्हीच नाही. मग मंडळ नावाला. माथाडीत प्रत्येक पोत्यामागचा पैसा त्या-त्या माणसाच्या नावावर चढतो, त्यामुळे तो स्वतः वही तपासायला येतो. याहून चांगला लेखापरीक्षक सरकारला परवडणार नाही.

आता ॲपवाल्यांकडे या. राजस्थाननं २०२३ मध्ये आणि कर्नाटकनं २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरून सुटी कामं घेणाऱ्यांसाठी, कायदे केले, दोन्हींत प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क घ्यायची तरतूद आहे. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात कंपनीनं उलाढालीच्या १ ते २ टक्के, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच, निधीत भरायचे आहेत. मला भीती ही की हा निधी पुन्हा बांधकाम उपकरासारखा ढीग होणार आणि त्यातून हेल्मेट-रेनकोट वाटले जाणार. वास्तविक ॲपवर वही ठेवायचं काम माथाडीपेक्षा कितीतरी सोपं आहे. टोळीच्या मुकादमाकडून हिशेब घ्यायचा नाही, कागद नाही. कुणी, किती वाजता, किती किलोमीटर, किती रुपये, सगळं आधीच नोंदलेलं आहे. ऑर्डर पूर्ण झाली की त्याच क्षणी चार-दोन रुपये त्या मुलाच्या निधी खात्यावर चढले पाहिजेत आणि त्याला मोबाइलवर दिसले पाहिजेत. यासाठी मोठं खातं लागत नाही. कंपनीच्या सर्व्हरमधला हिशेब बघायचा कायदेशीर अधिकार आणि तो वाचता येणारी पन्नास-शंभर माणसं लागतात. ती सरकारकडे नाहीत. एआयच्या काळातलं मोठं-लहान सरकार मी असं मोजतो.

'बाकी सगळं बाजारावर सोडलं तर' याबद्दल थोडक्यात. सरकार बाजूला झाल्याचा देखावा करून जोखीम तेवढी आपल्याकडे ठेवतं, असंही होतं. दाभोळचं उदाहरण ताजं असायला हवं. वीज प्रकल्प एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा, पण वीज घेवो न घेवो पैसे वीज मंडळानं मोजायचे, दर डॉलरशी बांधलेला आणि मागे राज्याची हमी. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. खासगीकरण म्हणून ज्याचं कौतुक झालं, त्यात खासगी होता फक्त नफा.

आणि रोख रक्कम. लाडक्या बहिणीला महिना १,५०० रुपये मिळतात, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ३६ हजार कोटी ठेवले. मी या योजनेची टिंगल करणाऱ्यांतला नाही. बाईच्या स्वतःच्या नावावर दरमहा पैसे येणं, ही घरात किती मोठी गोष्ट आहे हे टिंगल करणाऱ्यांना माहीत नसतं. पण रोख पैसा अडचणीचा आकार बघत नाही. नवरा अपघातात गेला त्या महिन्यालाही १,५०० आणि सगळं आलबेल असेल त्या महिन्यालाही १,५००. रोजगार हमीत गरजू कोण हे काम स्वतःच ठरवत होतं, इथे अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट कागदावर तपासायची आहे. निवडणुकीआधी कुणी तपासली नाही आणि नंतर ई-केवायसीच्या नावानं बायकांनी रांगा लावल्या. शिवाय रोख रक्कम सरकारी दवाखान्यातला डॉक्टर किंवा शाळेतला शिक्षक विकत आणत नाही. तो १,५०० रुपयांत बाजारातही मिळत नाही.

राहता राहिलं सरकारी माणसांचं. ॲप आल्यावर तलाठी कशाला, असं मला पुष्कळ लोक विचारतात. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकऱ्यानं स्वतःच बांधावर उभं राहून फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. कल्पना चांगली. पण रेंज नाही, म्हाताऱ्याकडे साधा फोन, गट नंबर चुकतो. शेवटी गावोगाव सहायक नेमावे लागले, प्लॉटमागे ठरावीक रकमेवर. आशाताई तर आधीपासूनच अशा आहेत : मानधन थोडं, बाकी कामागणिक मोबदला, आणि पदाचं नाव स्वयंसेविका. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत पदं भरायचा शासन निर्णय निघाला, ओरड झाली, ऑक्टोबरात मागे घेतला; पण संगणकचालकापासून शिपायापर्यंत कंत्राटी माणसं आधी होती तशीच आहेत. त्यांचा खर्च वेतनाच्या लेखाशीर्षात दिसत नाही म्हणून आस्थापना आटोक्यात आल्याचं टिपण तयार होतं. असली टिपणं मी स्वतः सही करून वर पाठवलेली आहेत. राज्यात कामागणिक पैसे देणारा सगळ्यात मोठा मालक कोण, ते यादी काढून बघा. दुचाकीवरच्या मुलासाठी उद्या लेव्हीचा कायदा करायचा ठरला, तर आशाताईची लेव्ही आरोग्य खात्यानं भरायची की नाही, हा त्या फाइलवरचा माझा पहिला शेरा असेल.